लोखंड मऊ होतं तेव्हा

सोलापूर, ५ जानेवारी

दानू,

काल सकाळी सोलापूर हललं. बातम्यांत ऐकून तू लागोपाठ फोन केलेस, आणि मी ते मुद्दाम उचलले नाहीत. रागानं नाही. फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला भांडण सुरू होतं, आणि आज मला भांडायचं नाही, विचारायचं आहे. म्हणून कागदावर लिहिते आहे. वैष्णवी फोटो काढून तुला पाठवेल. रंभाबाईची सून ती, आता आपल्या कडक भाकरीच्या शेडमध्ये पॅकिंग बघते. तूही तसंच लिहून पाठव.

आधी हे वाच, कुणालाही काही झालेलं नाही.

कामाची वेळ होती. सगळ्या शेगड्या पेटलेल्या. माझ्यासमोरच्या तव्यावरची भाकरी आपोआप सरकली. मला वाटलं, मला चक्कर आली. मग वरच्या माळ्यावर खोक्यांचा ढीग कोसळला आणि रंभाबाई म्हणाली, "जिमीन हालतीय गं." बायका पिठाच्या हातांनी बाहेर पळाल्या, मीही पळाले. बाहेरच्या भिंतीला गॅसची मोठी कळ आहे, ती तेवढी बंद केली.

शेड जशीच्या तशी उभी. काचसुद्धा तडकली नाही. थोड्या वेळानं बायका एकमेकींच्या पळण्याच्या नकला करून हसायला लागल्या. रंभाबाईनं पदर खोचला, म्हणाली, "चला, पीठ वाळतंय." आणि मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, आज शेगडी पेटवायची नाही.

का, ते तुला कळलं असेल. इथली बांधकाम खात्यातली नोकरी सोडून तू चेन्नईला शिकायला निघालीस, त्याच्या आदल्या जेवणात तू मला समजावत होतीस. ताटातली कडक भाकरी उभी धरलीस आणि म्हणालीस, "अव्वा, भूकंपात लोखंडी इमारत बहुतेक वेळा उभी राहते. लोक म्हणतात, वाचली. पण आतून काय निसटलंय ते दिसत नाही. त्यानंतर आग लागली तर तीच इमारत खाली येते. लोखंड जळत नाही, तापलं की मऊ होतं." मी म्हटलं होतं, जे घडत नाही त्याचा अभ्यास करायला एवढं लांब कशाला जायचं. तेव्हापासून आपण मायलेकी एकमेकींना फक्त जेवलीस का एवढंच विचारतो, त्यापुढं गेलं की भांडण. त्या दिवशी मी ऐकत नाही असं दाखवलं. ऐकत होते.

आता अडचण सांगते. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आठवड्यावर आली आहे. वर्षातलं सगळ्यात मोठं काम याच दिवसांत असतं, त्यावर बायकांचे पुढचे कितीतरी बेत ठरलेले असतात. शेड बंद ठेवली म्हणून सगळ्या माझ्यावर रुसल्या आहेत. रंभाबाई तर माझ्याशी बोलतच नाही, माझ्या देखत भिंतीशी बोलते.

बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या शेडमध्ये नक्की काय बघायचं, ते मला सोप्या भाषेत सांग.

तुझी अव्वा


सोलापूर, ७ जानेवारी

दानू,

तुझं उत्तर वैष्णवीनं सगळ्यांसमोर वाचलं. परीक्षेच्या पेपरासारखं होतं. खांब ओळंब्यात आहेत का, लोखंडाला आगीपासून राखणारा वरचा लेप शाबूत आहे का, गॅसची आणि पाण्याची नळी कुठं सुटली आहे का, माणसं बाहेर पडायची दारं उघडतात का. तू शेवटी लिहिलंस की यातलं एकेकटं काही फार मोठं नसतं, सगळं एकाच वेळी बिघडलेलं असलं की खरा धोका. रंभाबाई भिंतीला म्हणाली, "पोरगी लांब बसून भ्या घालतीय."

मी अग्निशमन केंद्रावर गेले. तिथं सगळ्यांची धावपळ चाललेली. त्यांनी गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या एका साहेबांचं नाव सुचवलं, शिवकुमार. ते आता कारखान्यांतल्या लोकांना आग विझवायचं शिकवतात. स्कूटरवरून आले. मला वाटलं, इकडंतिकडं बघतील, चहा घेतील आणि सगळं ठीक म्हणून जातील. पण त्यांनी तुझं पत्र वैष्णवीच्या मोबाइलवर उभ्याउभ्या दोनदा वाचलं. विचारलं, "हे लिहिणारी मुलगी असती कुटं?" मी सांगितलं. मग म्हणाले, "शिडी हाय का?"

खांब सरळ आहेत. ओळंबा सोडून प्रत्येक खांब बघितला. तळाचे बोल्ट घट्ट आहेत. मी मनात म्हटलं, सुटलो. मग ते छताकडे बघत राहिले. आपल्या शेडला आतून त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं छत आहे ना, आधीच्या टॉवेलवाल्यांनी बसवलेलं. त्यांनी एक पट्टी काढली, आणि पांढऱ्या खपल्या त्यांच्या डोक्यावर पडल्या. पापडाचा चुरा पडावा तशा. वरच्या तुळया जिथं खांबांना जोडल्या आहेत, नेमका तिथलाच लेप सुटला आहे. आत उघडं लोखंड.

रंभाबाई म्हणाली, "लेपच पडलाय की. खांब कुटं पडलाय?"

शिवकुमार साहेब आता तिच्यावर चिडतील, असं मला वाटलं. ते चिडले नाहीत. शिडीवरून उतरून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मावशी, आग लागली की उघडं लोखंड झटक्यात तापतंय. ह्या सांध्यांवर वरचा माळा टेकलाय, माळ्यावर तुमची सून बसती. तिला खाली यायला जो येळ लागंल, तो येळ ह्या लेपात हाय. लेप पडला म्हंजी येळ पडला."

रंभाबाईनं वैष्णवीकडं बघितलं. 

साहेब मूळचे अक्कलकोटकडचे. जाताना मला कन्नडात विचारलं, "ऊटा आयतेन्री?" सकाळपासून मी जेवले का, हे त्या दिवसात विचारणारं ते पहिलंच माणूस. मी खोटंच हो म्हटलं.

बाकी तपासणी परवा.

तुझी अव्वा


सोलापूर, ९ जानेवारी

दानू,

आज जे झालं ते लिहिताना मला अजून हसू येतंय, तुला अक्षर लागलं नाही तर समजून घे.

रंभाबाईचं म्हणणं असं होतं की लेप पडला तर पडला, आपल्याकडं पाणी आहे. टॉवेलवाल्यांनी बसवलेली ती लाल नळी, मोठी टाकी, भिंतीवरचा होज पाइप. टाकी काठोकाठ भरलेली तिनं स्वतः चढून बघितली. तू लिहिलं होतंस, टाकीकडं बघू नका, कॉक उघडून बघा. शिवकुमार साहेबांनी होज रंभाबाईच्याच हातात दिला, तोंड बाहेरच्या अंगणाकडं धरायला सांगितलं आणि पंप चालू केला.

होजमधून नुसती फुसफुस. थेंब नाही. पंप घुमतोय, टाकीची पातळी उतरतेय आणि पाणी कुठं जातंय कळेना. मग जिन्यापाशी फरशी हळूच वर उचलली गेली, जणू खाली कुणी कूस बदलतंय. साहेब वाकून बघायला गेले. मी त्यांच्या मागं. आणि फरशी फुटून असा फवारा उडाला की साहेब, मी, माझी नवी इरकल, पिठाची पोती, सगळं भिजून चिंब. साहेबांची टोपी तरंगत रंभाबाईच्या पायाशी गेली. ती कोरडा होज छातीशी धरून उभी, आणि मग ती जी हसायला लागली, तिला खाली बसवावं लागलं. तिच्यामुळं सगळ्या बायका हसल्या. साहेब भिजलेल्या मिशांनी हसले. तुझे अप्पा गेल्यापासून मी एवढं हसल्याचं मला आठवत नाही.

हसू ओसरलं. रंभाबाईनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, भिंतीला नाही, मला, "म्हंजी आग लागली असती तर पाणी हितंच जिमिनीत ऱ्हायलं असतं."

मी म्हटलं, "व्हय."

"आनि दानीला हे तितं बसून कळलं."

"त्याचंच शिक्षण घेतीय ती."

मग तिनंच सगळ्यांना कामाला लावलं. मागचं दार ढकलून बघितलं, चौकट तिरकी झाल्यानं ते अर्ध्यातच अडकतं. गॅस एजन्सीचा माणूस येऊन सांध्यांना साबणाचा फेस लावून बघून गेला, दोन ठिकाणी बुडबुडे आले. लेप, पाणी, दार, गॅस. तू म्हणालीस तसं, सगळं एकाच वेळी. आणि शेड बाहेरून बघशील तर काल रंगवल्यासारखी.

दुरुस्ती होईपर्यंत आत विस्तव नेणार नाही, असं मी सांगितलं तेव्हा कुणी एक शब्द काढला नाही. यात्रेच्या मालाचं काय करायचं, हे विचारायला तोंड उघडते तोच रंभाबाई म्हणाली, "मागं एवढं रान पडलंय. चुली मांडू की."

तुझी अव्वा


सोलापूर, १७ जानेवारी

दानू,

यात्रा पार पडली. आम्ही नुसत्या तरलो नाही, गाजलो.

शेडमागच्या मोकळ्या जागेत दगडांच्या चुलींची रांग मांडली. शेडपासून चांगल्या लांब, वाऱ्याची दिशा बघून, हे साहेबांनी आखून दिलं. रंभाबाईच्या माहेरून, माढ्याकडनं, तुराट्यांचा टेंपो आला आणि टेंपोबरोबर तिच्या दोन भावजया पण आल्या, भाकरी थापायला. पहाटेच्या गारठ्यात चुलीसमोर बसायला मिळतंय म्हणून ज्या कधी वेळेवर येत नव्हत्या त्यासुद्धा वेळेआधी हजर. उघड्यावर गळे मोकळे सुटले. शेडमध्ये पंख्यांच्या आवाजात कुणाचं गाणं कुणाला ऐकू येत नव्हतं, इथं एकीनं सुरू केलं की सगळ्या. राजाबाईला आवाज आहे हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

आणि एक नवल झालं. धूर आणि भाकरीचा वास रस्त्यापर्यंत गेला. कारखान्यांतून सुटलेले लोक आत डोकवायला लागले. आपण आजवर कडकच विकत आलो, गरम भाकरी कधी विकली नव्हती. वैष्णवीनं एकाला तव्यावरची भाकरी शेंगाचटणी घालून हातावर दिली, आणि दुसऱ्या दिवशी तिथं उभं राहायला जागा नाही. यात्रेचा माल वेळेवर गेला. तो गेला आणि आम्ही सगळ्या नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गेलो, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंचच उंच ध्वज तोलून नेताना मी दरवर्षी बघते, पण यंदा लई सुंदर दिसलं.

तू दोन ओळी लिहून विचारलंस, ते साहेब रोज का येतात म्हणून. चुलींवर लक्ष ठेवायला. उघड्यावर वारा असतो. त्यांनी पाण्याची पिंपं आणि वाळूच्या बादल्या ठेवून घेतल्या आहेत आणि ते तिथं स्टुलावर बसतात. बसून कंटाळा येतो म्हणून त्यांनी भाकरी थापायचा प्रयत्न केला. ती कर्नाटकाच्या नकाशासारखी झाली. रंभाबाईनं ती त्यांनाच खायला लावली.

एवढंच आहे. दुसरं काही नाही.

तुझी अव्वा


सोलापूर, २ मार्च

दानू,

दुरुस्ती संपली. तू पाठवलेल्या सूचना एकेक करून झाल्या. जुना लेप पूर्ण खरवडून नवा दिला, सांध्यांपाशी खाली जाळी बांधून, म्हणजे हादरला तरी धरून राहील. गॅसला लवचिक नळी आणि जमीन हलली की आपोआप बंद होणारी कळ. पाण्याची नळी फरशीखालून काढून भिंतीवरून नेली, उघडी, दिसेल अशी. खोकी माळ्यावरून हलवून शेजारच्या खोलीत. मागच्या दाराची चौकट सरळ केली, माळ्याला बाहेरून दुसरा जिना. शिवकुमार साहेब रोज येऊन बघायचे. तू त्यांना तांत्रिक गोष्टी सरळ विचारायला लागलीस, आणि तुमचं दोघांचं लांबलचक लिहिणं सुरू झालं, ते मला माहीत आहे. त्यात तू त्यांना माझ्या ब्लडप्रेशरबद्दल विचारलंस, तेही माहीत आहे.

आता जे लिहायचं ते दीड महिना लिहायचं टाळलं. मागच्या पत्रात दुसरं काही नाही असं लिहिलं, ते वैष्णवी फोटो काढताना वाचून हसत होती.

परवा शेवटची तपासणी झाली. होजमधून पाणी थेट कुंपणापर्यंत गेलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या गेल्यावर साहेब स्कूटरपाशी किल्ली हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, "शेड आता झाली. उद्यापास्नं मला यायला कारण उरलं न्हाय."

मी म्हटलं, "यायला कारण लागतं का?"

ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या वयात लागतं. लोक इचारतात." त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा हुबळीला असतो. "काशम्मा, तुमची हरकत नसली तर लोकांना सांगायजोगं कारण करू."

मी काय बोलले ते लिहिणार नाही. बोलले.

घरी येऊन मात्र घाबरले. मी एकावन्न वर्षांची, मुलगी डॉक्टरेट करते आणि मी काय लावलंय. सकाळी रंभाबाईला सांगितलं. मला वाटलं ती परात टाकून उठेल. ती थापत राहिली आणि म्हणाली, "आमाला संक्रांतीलाच कळलंय. तुमीच लई उशीर लावला." तिनं मग मठातल्या स्वामींना विचारायची तयारी दाखवली, तुझ्या अप्पांकडच्या काकूंना समजवायची पण, आणि मी नको म्हणण्याआधी निम्म्या एमआयडीसीला कळलं होतं.

पण तुझ्या आधी मी कुणाला पक्कं सांगणार नाही. तुझ्या अप्पांचा फोटो घरात जिथं आहे तिथंच राहील, हे साहेबांनीच आपणहून सांगितलं. तरी तुला काय वाटेल ते मला कळत नाही. फोनवर विचारलं तर तू बरं म्हणशील आणि मला खरं कळणार नाही. म्हणून तू ये. शेड बघायला आलीस म्हणून सगळ्यांना सांगू.

तुझी अव्वा


सोलापूर, २० एप्रिल

दानू,

तू गाडीत बसलीस आणि मी घरी येऊन लगेच लिहायला घेतलं. बोलायचं ते सगळं बोलून झालं, तरी एक राहिलं.

तू आलीस त्या सकाळी तोंडसुद्धा नीट धुतलं नाहीस. कमरेला ओढणी बांधलीस, हातात बॅटरी आणि छोटी हातोडी घेतलीस आणि शिडीवर चढलीस. खाली आम्ही सगळ्या माना वर करून उभ्या. तू सांध्यावर हातोडीनं टकटक करायचीस, कान लावायचीस, बोटानं लेप चाचपायचीस आणि पुढच्या सांध्याकडं जायचीस. कुणाशी बोलत नव्हतीस. खाली बायका आहेत, आई आहे, काही तुझ्या ध्यानात नव्हतं. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तू लहान असताना पाटीवर चित्र काढायचीस तेव्हा बघितलेलं. दानू, तुला काम करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माझी मान दुखायला लागली तरी मला खाली बघवेना.

मग तुझ्या लक्षात आलं की मी शिडी धरून उभी आहे आणि एकटक तुझ्याकडं बघतेय. तू वरूनच विचारलंस, "अव्वा, काय झालं?"

इतक्या बायकांसमोर मी विचारणार नव्हते. पण तोंडातून निघून गेलं. "त्या माणसाबद्दल तुला काय वाटतं?"

शिवकुमार तिथंच, होजपाशी उभे.  तू बॅटरी विझवलीस आणि म्हणालीस, "मला काय विचारतेस, मी लोखंड तपासते. माणूस तू तपासलायस ना?"

"तपासलाय."

"मग सही कर."

रंभाबाईनं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या कारखान्यातले लोक पळत बघायला आले, त्यांना वाटलं परत भूकंप झाला.

मठात स्वामींसमोर आम्ही एकमेकांना हार घातले तेव्हा तू माझ्या मागं उभी होतीस आणि तुझा हात माझ्या पाठीवर होता. काकू आल्या नाहीत. त्यांचं मला वाईट वाटलं, पण पाठीवरचा हात मला पुरला. हुबळीचा मुलगा आला, लाजत होता बिचारा, आणि राजाबाई गायला लागल्यावर तोच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता.

आता राहिलेलं सांगते. स्टेशनवर तू म्हणालीस की पुढच्या महिन्यात तुमच्या प्रयोगशाळेत एक मोठा खांब आधी हलवणार, मग भट्टीत तापवणार, आणि तो किती वेळ टिकतो ते बघणार. त्यावर लेप आपल्या शेडसारखाच देणार आहात, आपल्यासारखाच सांध्यापाशी सुटलेला. तू हे सांगत होतीस आणि गाडी सुटली, म्हणून मला विचारायचं राहून गेलं की बाहेरच्या माणसांना ते बघायला देतात का.

देत नसले तर तुझ्या मास्तरांना सांग, माझी आई येतेय, तिला ते लोखंड मऊ होताना बघायचंय. वैष्णवीनं आत्ताच तिकिटं काढली. दोघांची काढली. आम्ही खिडकीपाशी बसून येणार आहोत आणि वाटेत खायला कडक भाकरी आहे. स्टेशनवर घ्यायला ये.

तुझी अव्वा